खालचं गाव

सुरत,
१२ जानेवारी २०२५

ती. आबांना,
रुचिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. आधी फोनच केला होता. तुम्ही ‘कोण? दूधवाला का? आज अर्धा लिटरच’ म्हणून ठेवून दिलात. कानाचं मशीन डबीत, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला. अशा थोरल्या काकाला पुतणीनं काही कळवायचं तरी कसं? तसंही तिसरीत मला पत्रलेखन तुम्हीच शिकवलंत. चुका सापडल्या तर दोष गुरुजींचा.

आबा, मला जहाजावर नोकरी मिळतेय. नर्सचीच. माल वाहणारं जहाज नव्हे, लोक सुट्टी घालवायला जातात ते प्रवासी जहाज. क्रूझ म्हणतात त्याला. चार वर्षं इथल्या आयसीयूत काढल्यावर मुंबईच्या एजन्सीनं माझी निवड केली. दोन जहाजांवर जागा आहेत आणि कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं आहे. वीस फेब्रुवारीपर्यंत कळवायचंय.

एक जहाज लहान आहे आणि जुनं. माझ्याएवढंच, अठ्ठावीस वर्षांचं. सातशे प्रवासी, एक डॉक्टर, दोन नर्स. लहान लहान बेटांच्या बंदरांत जातं, जिथं मोठ्याला शिरताच येत नाही. दुसरं यंदाच पाण्यात उतरणारं, कोरं करकरीत. साडेपाच हजार प्रवासी, वीस मजले, त्यावर अख्खं हॉस्पिटल. आपलं म्हसावद त्यात बसवलं तरी वर पपईची वाडी करायला जागा उरेल.

खरं सांगू? फोटो बघून मला लहानच आवडलं. पण आईला सांगितलं तेव्हा ती पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये पापड लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. म्हणाली, “एकले पानीनी लई लिधं, आते तुले बी दी देऊ का?” दुसऱ्या दिवशी माझा पासपोर्ट गायब. गव्हाच्या कोठीत सापडला, अगदी तळाशी. तीन दिवस ती धड जेवली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “तुन्हा आबा हो म्हनतीन तर जाय. पानी त्यास्ले कयस.”

पप्पा पाण्यात गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त अंगणातला गोंधळ. पण तुम्ही सात वर्षं मणिबेलीकडच्या शाळेत नावेनं जा-ये केलीत, पाणी तुम्हाला कळतं हे आई खरंच म्हणते. तेव्हा सांगा, लहान की मोठं? आणि आईला एक ‘हो’ लिहून द्या.

तुमची,
रुचिका


म्हसावद,
१९ जानेवारी २०२५

चि. रुचिकास अनेक आशीर्वाद.

दूधवाला खरोखरच चोर आहे, त्यामुळे त्या दिवशी मी चुकीचं काही बोललो नाही. तुझं अक्षर सुधारलं आहे. मात्र ‘पपईची वाडी’ म्हणतेस, पपईची बाग म्हणावं. सुरतेचं पाणी लागलं तुला.

पत्र तीनदा वाचलं. बेटा, दोन्ही नको. लहान नको आणि मोठंही नको. जमिनीवर दवाखाने कमी आहेत का? शहाद्यात बघ, नंदुरबारला बघ. मी स्वतः येतो शब्द टाकायला, मशीन घालून येतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. प्रकाशा गावच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा मी डोळे मिटून हात जोडतो. शेजारच्याला वाटतं म्हातारा तापीमाईला नमस्कार करतो. नमस्कार नसतो गं तो. पूल संपला की नाही हे मी चाकांच्या आवाजावरून ओळखायचो. आता ऐकू येत नाही, तर मनात शंभर अंक मोजतो. असा माणूस तुला जहाजाचा सल्ला काय देणार?

तरी दोन गोष्टी विचारून ठेव. जहाज पाण्याखाली किती खोल जातं? आणि चालवणारा त्या पाण्यावर किती वर्षं आहे? जहाजाचं वय मला नको. त्याचं सांग. खाली काय आहे ते त्याला माहीत आहे का, एवढं विचार.

आईला म्हणावं जेवत जा. ‘हो’ मी लिहिलेलं नाही, हे तिला दाखव म्हणजे जेवेल.

तुझा,
रतिलाल आबा


मुंबई,
३० जानेवारी २०२५

ती. आबांना,
सा. न.

तुमचं पत्र आईला दाखवलं. जेवली. वर मला एक भाकरी जास्त वाढली, जिंकल्यासारखी. आता तिला पुन्हा उपाशी बसवायचं माझ्या जिवावर आलंय.

मी सध्या मुंबईजवळ आहे. जहाजावर जाण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आग विझवायची, पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला तराफा सुलटा करायचा. छान चाललंय. काळजी नको.

तुमचे प्रश्न एजन्सीच्या माणसाला विचारले. तो हसायलाच लागला. म्हणे, “मॅडम, लोक स्विमिंग पूल किती ते विचारतात, तुम्ही पहिल्याच आहात.” पण चौकशी करून सांगितलं. लहान जहाज पाण्याखाली वीस फूट जातं, मोठं तीस. लहानाचा कप्तान सोळा वर्षं त्याच समुद्रात त्याच बेटांमधून फिरतोय. त्याच जहाजावरची सिनियर नर्स कोट्टायमची आहे, व्हिडिओवर बोलली माझ्याशी. म्हणाली, जहाज हलतं फार, पहिला आठवडा उलट्या करशील, खोलीला खिडकी नाही. पण माणसं जपून आहेत. मोठ्यावर सगळेच नवे. कप्तान नवा, मार्ग नवा. पण आबा, त्याला समुद्राचा तळ दाखवणारी यंत्रं आहेत. वादळात ते हलतसुद्धा नाही म्हणतात.

तेव्हा माझं ठरलंय. मोठं आणि नवं. मन लहानाकडे ओढतं, पण मनाचं ऐकून कसं चालेल? पप्पा ज्या नावेत बसले ती लहान होती, जुनी होती आणि गळकी होती. करणसिंगची ती फुटकी डोंगी. आईनं त्या माणसाचं नाव घेऊन दिलेले शाप ऐकतच मी मोठी झालेय. त्या दिवशी एखादी मोठी, नवी नाव मिळाली असती तर आज पप्पाच माझ्या पासपोर्टचे फोटो काढायला आले असते. ती चूक मी पुन्हा करणार नाही. आईलाही हेच पटेल.

फक्त तुमचं ‘हो’ हवंय. मोठ्या जहाजाला तरी ‘हो’ म्हणा.

तुमची,
रुचिका


म्हसावद,
५ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकास,

घाई करू नकोस. मोठं घेऊ नकोस.

म्हणजे जायचंच असेल तर. जाऊ नयेस असंच माझं म्हणणं आहे. पण जाणारच असशील तर त्या सोळा वर्षांवाल्याकडे जा. कारण विचारू नकोस. आणि करणसिंगबद्दल तू जे लिहिलंस, ते

इथंच थांबतो. थंडी आहे.

आबा


मुंबई,
९ फेब्रुवारी २०२५

आबा,

नमस्कार लिहायचाही राग येतोय, पण करते.

तुम्ही मला लहान जहाज घे म्हणता? तुम्ही? माझे वडील तुमच्या डोळ्यांसमोर लहान नावेतून गेले आणि तुम्ही कारण विचारू नकोस म्हणता? आईला हे पत्र मी दाखवलेलं नाही. तिला वाटेल तुम्हाला वयोमानानं काही समजेनासं झालंय. मलाही क्षणभर तेच वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. छान काहीही चाललेलं नाही. इथं तलावाकाठी बारा फुटांवरून जॅकेट घालून उडी मारायची असते. छोटी छोटी पोरं हसत मारतात. मी वर गेले, खाली निळं पाणी बघितलं आणि शिडी धरली ती सोडलीच नाही. मागे रांग थांबली. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला खाली आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोळे मिटले की मला ती डोंगी दिसते. मी ती कधी पाहिलेली नाही, तरी दिसते. तळाशी भोक आणि त्यातून आत येणारं पाणी. आयसीयूत माणसं हातात गेलीत माझ्या, तेव्हा मी काम करत राहिले. इथं पाण्याचा वास आला की मी मागच्या मागे फिरते.

मोठं जहाज मी का घेतेय ते आता तरी कळलं का? त्यावर राहून समुद्र दिसत नाही म्हणतात, म्हणून. वीस मजल्यांवरून पाणी लांब राहतं.

तुम्ही त्या दिवशी तिथे होतात. काय झालं ते मला कुणी कधी नीट सांगितलं नाही. ‘नाव बुडाली’ एवढंच. कारण विचारू नकोस म्हणू नका. कारणच विचारतेय. वीस तारीख जवळ येतेय आणि दोन जहाजांत मी अधांतरी लटकलेय.

रुचिका


म्हसावद,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकास,

दूधवाल्याचं, अक्षराचं आज काही नाही. सरळ लिहितो, नाही तर धीर जाईल.

तुझे पप्पा लहान नावेत नव्हते. त्या दिवशी डोंगीत मी होतो. नवनीत मोठ्या, नव्या लाँचमध्ये होता. आणि तिथे त्याला मी बसवलं होतं.

आता पहिल्यापासून सांगतो.

२००१ सालचा पंचवीस जानेवारी. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. नवनीत साखर कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी काढून, शाळेच्या पोरांसाठी उसाच्या चार मोळ्या घेऊन आला. मोलगीपर्यंत जीपनं, पुढे घाट उतरून माणसांच्या डोक्यावर मोळ्या. ‘दादा, तू रोज कसा जास ते मले देखनं शे,’ म्हणाला. काठावर दोन नावा होत्या. एक करणसिंगची, जिच्यातून मी सात वर्षं जात होतो. लाकडी, डांबर फासलेली, मध्येच एका डब्यानं पाणी उपसावं लागे. दुसरी एका ठेकेदाराची लाँच, जमिनीच्या मोजणीवाल्यांना न्यायला त्याच महिन्यात आणलेली. लोखंडी, पांढरा रंग, बसायला बाकं. तिचा चालवणारा बाहेरचा होता. त्यात दोन मोजणीवाले आणि आणखी एका माणसाची जागा.

नवनीतला डोंगीतच बसायचं होतं. “दादा, मी करणसिंगनी नावमा बठस. गप्पा मारत जासूत.” मी म्हणालो, “नही. तठे बठ. नवी शे, लोखंडी शे. या फुटका डबामा मन्हा भाऊले मी बसाडाव नही.” करणसिंगच्या तोंडावर म्हणालो. सात वर्षं ज्यानं मला कोरडं पोचवलं, त्याच्या तोंडावर.

करणसिंगला राग आला नाही. तो म्हणाला, “गुरुजी, भाऊला माझ्याकडं द्या. त्या नावेला खालचं गाव माहीत नाय.”

हे तुला समजलं पाहिजे, बेटा. आम्ही ज्या पाण्यावरून जायचो ते नदीचं पाणी नव्हतं, धरणाचं होतं. त्याच्या खाली गाव होतं. शेतं, पायवाटा, झाडं उभीच्या उभी. करणसिंग त्या गावात जन्मला. तो पाणी बघून नाव हाकतच नसे, खालचं गाव आठवून हाकायचा. मला सांगायचा, आता आपण माझ्या बापाच्या शेतावर आहोत. आता देवाची जागा, इथं हात जोडा. आता फुलीबाईचा मोहा, डाव्या अंगानं घ्यायचं. फुलीबाई नावाच्या म्हातारीचं ते मोहाचं झाड. म्हातारी गेली, झाड पाण्यात राहिलं. पाणी उतरलं की शेंडा वीतभर खाली असायचा, दिसायचा मात्र नाही. मी मैदानातला माणूस, शेत उघडं पाहिलेला. पाणी वरून सपाट, म्हणजे खालीही सपाट, अशी माझी समजूत. करणसिंगचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

लाँचवाल्यानं ऊस घ्यायला नकार दिला. मोळ्या घेऊन मी डोंगीत बसलो. लाँच आमच्या पुढे गेली. नवनीत पुढच्या टोकावर उभा राहून माझ्याकडे बघून हात करत होता, मी हळू येतो म्हणून चिडवत होता. करणसिंग एकाएकी उभा राहिला आणि ओरडायला लागला. डावीकडे घ्या, डावीकडे. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतं? लाँचला फक्त एक धक्का बसला. बुडाली नाही, फुटली नाही, तिच्या रंगाला ओरखडा तेवढा आला असेल. पण टोकावर उभा असलेला माणूस टोकावर राहिला नाही.

करणसिंगनं वल्हं माझ्या अंगावर टाकलं आणि उडी मारली. पाच वेळा खाली गेला. पाचव्या वेळी त्यानं नवनीतला वर आणलं. मोहाच्या फांदीनं करणसिंगचा दंड कोपरापर्यंत फाटला होता. तुझ्या पप्पांना आम्ही डोंगीत घेतलं, उसावर झोपवलं. पोट दाबलं, तोंडात फुंकलं. तू नर्स आहेस, तुला जास्त सांगत नाही. लाँच मोजणीवाल्यांना घेऊन तशीच पुढे गेली.

आम्ही काठाला लागलो तेव्हा लोक जमले होते. त्यांनी काय पाहिलं? गळकी डोंगी, ओला करणसिंग आणि त्यात माझा भाऊ. त्यांनी त्यांचा अर्थ लावला. कुणीतरी विचारलं, “याच नावेतून पडले का?” मी गप्प राहिलो. पंचनामा लिहिणाऱ्यानं तेच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली. तुझी आई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला कसं सांगू की त्याला नको असताना त्या लाँचमध्ये मीच ढकललं? एक दिवस थांबू, मग सांगू, असं म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आपले भाऊबंद जीप घेऊन आले. त्यांनी कुऱ्हाडीनं करणसिंगची डोंगी फोडली. तो हाताला फडकं बांधून बाजूला उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं.

तुझं मागचं पत्र आलं त्या रात्री मी झोपलो नाही. तुला जी भोक पडलेली डोंगी दिसते, ती मी तुझ्या डोळ्यांत घातली आहे. परवा तळोद्याकडच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत जाऊन करणसिंगला भेटलो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तो ऊसतोडीला जात होता इतकी वर्षं, नाव पुन्हा केली नाही. मी त्याला विचारलं, तू कधी का बोलला नाहीस? तो म्हणाला, “गुरुजी, तुमी नाय बोलले. मंग माझं कोन मानलं असतं?” त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी तुझ्या दोन जहाजांचंही विचारलं. म्हणाला, “लहान-मोठी नाय पाहायची. खाली काय हाय ते कोनाला ठावं हाय, ते पाहायचं.”

लाँच वाईट नव्हती, रुचिका. नवी असणं हा तिचा गुन्हा नव्हता. तुझ्या मोठ्या जहाजावर यंत्रं असतील, ती झाडाचा शेंडाही दाखवत असतील, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की तू माझ्या खोट्यावर पाय ठेवून निवड करते आहेस, आणि ते मी होऊ देऊ शकत नाही. मी भितो. तुझ्या जाण्याला भितो, त्याहून तुझ्या आईच्या डोळ्यांना भितो. हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

रतिलाल


मुंबई,
३ मार्च २०२५

ती. आबांना,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला संध्याकाळी हाती आलं. वीसला दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

मी ते हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचलं. आधी तुमचा राग आला, इतका की तुम्हाला काय लिहावं ते आजवर सुचलं नाही. अजूनही आहे. चोवीस वर्षं तुम्ही माझ्या लग्नाच्या गोष्टी केल्यात, पाढे पाठ करून घेतलेत, दर दिवाळीला शेव पाठवलीत, आणि हे पोटात ठेवलंत. तुम्ही दुष्ट असतात तर सोपं गेलं असतं.

मग मी पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर अडकले. पप्पांना डोंगीत बसायचं होतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना काय हवं होतं, काय आवडायचं, हे मला चार वर्षांच्या वयापासून कुणी सांगितलं नाही, फक्त कसे गेले तेवढं सांगितलं, तेही खोटं. त्यांना गप्पा मारत जायचं होतं.

आबा, तुम्ही त्यांना भीतीपोटी मोठ्या नावेत बसवलंत. मीही भीतीपोटीच मोठं जहाज धरून बसले होते. वीसला सकाळी एजन्सीत गेले आणि लहान लिहून दिलं. पप्पांना बसायचं होतं तिथं मी बसते. ते हलणार आहे, मी उलट्या करणार आहे, खोलीला खिडकी नाही. शहाणपणाचं म्हणाल तर कदाचित मोठंच बरं असेल. पण ही निवड तरी माझी आहे.

उडी मारली. शेवटच्या दिवशी. डोळे मिटले तेव्हा डोंगी दिसली, पण यावेळी तिला भोक नव्हतं, तिच्यात ऊस होता. पाणी नाकातोंडात गेलं, वर आले. भीती गेली असं समजू नका. आत्ता लिहितानाही तळहात ओले आहेत.

पत्र मी आईला दाखवणार नाही. ते तुमचं काम आहे. पुरुषोत्तमनगरला जा, तिच्यासमोर बसा आणि तोंडानं सांगा. अक्षय्य तृतीया तीस एप्रिलला आहे, आखाजीच्या आधी जा. मी सहा मेला निघणार.

रुचिका


पुरुषोत्तमनगर,
२१ एप्रिल २०२५

ती. दादांना,
ममताचा नमस्कार.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर मान वर करून बोलायची आमच्यात रीत नाही, पण परवा तुम्ही सगळं सांगून झाल्यावर मी बोलले. अर्धा तास बोलले. तुम्ही मान हलवत होतात. शेवटी म्हणालात, “चहा नको.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मशीन डबीतच आहे. माझं काही तुम्हाला ऐकायचंच नव्हतं. म्हणून लिहिते. कागद तरी डबीत ठेवता येणार नाही.

मी म्हणाले की मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढचं सांगता येत नाही.

यांना लाँचमध्ये बसवलंत त्याचा राग नाही. मी असते तर मीही तेच केलं असतं. नवी नाव सोडून गळकीत कुणी आपल्या माणसाला बसवतं का? राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. दर आखाजीला यांच्या नावाची घागर तुमच्या घरी भरते. पितर म्हणून कुणाला तरी जेवायला बसवतो, घास टाकतो. आणि दर वर्षी तो घास टाकताना मी करणसिंगचं नाव घेऊन म्हणते, त्याचं तळपट होवो. तुमच्या शेजारी उभी राहून म्हणते. तेव्हा तुमचे कान चांगले होते, दादा. चोवीस वर्षांतली निदान वीस वर्षं तरी. ज्यानं माझ्या माणसासाठी पाच वेळा बुडी मारली त्याला मी शाप देत होते आणि तुम्ही ऐकत होतात. माझ्याकडून एवढं मोठं पाप तुम्ही करवून घेतलंत.

आखाजी तीस तारखेला आहे. घागर तुमच्याच घरी भरायची. या वर्षी पितर म्हणून करणसिंगला बसवायचं. मी रुचिकाला घेऊन तळोद्याला गेले होते, त्याला विचारून आले. आधी नाही म्हणाला, मग माझ्याकडे बघून हो म्हणाला. त्याच्या दंडावरचा वण मी पाहिला. आणायला तुम्ही जायचं, पाय तुम्ही धुवायचे, पहिला घास तुम्ही वाढायचा.

पासपोर्ट मी पुन्हा कोठीत लपवला होता, तो काढून पोरीच्या हातात दिला. तुमच्या ‘हो’ची वाट बघितली नाही. मले भ्या वाटस. दिवसातून दहा वेळा वाटतं, परत घ्यावा आणि याखेपेला जमिनीत पुरावा. पण तिला पाण्यावर कोण घेऊन जाणार आहे ते तिनं विचारून घेतलंय, एवढा आधार आहे.

आखाजीला सगळे भाऊबंद जमतील. ज्यांनी कुऱ्हाड चालवली तेही येतील. हा आदिवासी माणूस आपल्या नवनीतच्या पाटावर कसा, असं विचारतील. तेव्हा मी बोलणार नाही. तुम्ही उभं राहून सांगायचं. त्या दिवशी मशीन घालून बसा. लोक काय म्हणतील ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

ममता